वरच्या मजल्याची उंची

१२ सप्टेंबर २००४, हिंगणी

कॉम्प्युटर आला. अण्णाजींनी बैठकीतली बियाण्याची पोती हलवून कोपरा मोकळा केला. अख्खं गाव माझ्या वडिलांना अण्णाजी म्हणतं, मीही. शेजारच्या बाया नवा टीव्ही समजून बघून गेल्या.

हे स्वतः पुलगावहून टेम्पोत मागे बसून आले, मॉनिटर मांडीवर धरून. म्हणाले, "घर तूच काढ. नकाशा तुझा, बांधकाम माझं."

हे म्हणजे धनंजय, माझे यजमान. पुलगावच्या एका शाळेत गणित शिकवतात. अडीच वर्षांपूर्वी सेलूहून येताना आमची मोटरसायकल घसरली. यांच्या कोपराला खरचटलं. माझी कंबर गेली, आणि कंबरेखाली आता जे आहे ते फक्त धुवायचं आणि पुसायचं. पुलगावची आमची भाड्याची खोली जिने चढून जायची, म्हणून मी इथं माहेरी. हे दर रविवारी येतात. एकही रविवार चुकला नाही.

मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आहे, लग्नाआधी आर्वीत एका इंजिनियरकडे लोकांच्या घरांचे नकाशे काढायची. हे लक्षात ठेवून यांनी सॉफ्टवेअरची सीडी आणली. त्यात घर उभं दिसतं, फिरवून बघता येतं.

अण्णाजी म्हणाले, "असा जावई दिवा घेऊन शोधला तरी भेटणार नाई."

 माझी आई, शकुबाई, लोक कौतुक करायला लागले की उठून चुलीकडे जाते.

३ ऑक्टोबर

शिकले. भिंती सोप्या आहेत. खरी गंमत वस्तूंची. प्रत्येक वस्तूला एक खण असतो, त्यात जमिनीपासूनची उंची लिहायची, की वस्तू चटकन तिथं जाऊन बसते.

सकाळी आईने मला खुर्चीसकट भिंतीला लावलं आणि माझा हात कुठवर जातो तिथं कोळशाने रेघा मारल्या. त्या रेघांवरून सगळं बसवलं. लाइटची बटणं तीन फुटांवर. ओटा तीस इंच, खाली मोकळा, म्हणजे खुर्ची आत सरकेल. आरसा खालून सुरू. खिडकीचा कठडा इतका खाली की बसल्या जागी रस्ता दिसावा. दारात पायऱ्या नाहीत, उतार.

मग पडद्यावर घरातून फिरून आले. कोणी उचललं नाही, कोणी "जरा थांब" म्हटलं नाही. रडले थोडी. लिहायला लाज वाटते, पण सुखाने रडले.

१४ नोव्हेंबर

पुलगावला भूमिपूजन झालं. मला नेलं नाही. प्लॉटवर खुर्ची रुतली असती. फोटो आले. ठेकेदार बबनराव माझा नकाशा धरून उभे आहेत. हे म्हणाले, शाळेतले सगळे नकाशा बघून चाट पडले. "मिसेसने काढला म्हटलं तर कोणी खरंच मानेना."

३० जानेवारी २००५

यांना वरचा मजला हवा आहे. भाड्याने देऊ म्हणतात, तेवढीच सोबत होईल तुला, दिवसभर मी शाळेत असतो.

पटलं. बसले लगेच. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. पलंग ठेवला तर वरती दिसेचना. शोध शोध शोधला. शेवटी सापडला कुठं, तर खाली माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला आडवा! मी 'चालू मजला' बदलायला विसरले होते, त्यामुळे सॉफ्टवेअरने सगळं माझ्याच जमिनीपासून मोजलं.

यांना दाखवलं आणि म्हटलं, "पाहा, भाडेकरू अजून आले नाहीत तर माझ्या घरात पथारी पसरून राह्यले."

हे हसले नाहीत. "नीट कर ते," एवढंच म्हणाले. थकलेले होते. दहावीचे जादा तास सुरू आहेत.

२० फेब्रुवारी

हे किती बारकाईने बघतात! वरचा ओटा मी नेहमीसारखा बत्तीस इंच ठेवला होता. म्हणाले, "छत्तीस कर."

"इतका उंच कशाले? भाडेकरीण शिडी लावून पोळ्या लाटन का?"

"आजकाल तसाच असतो. वाकून पाठ दुखते."

केला. मग आरसा चार इंच वर. कपड्यांच्या खुंट्या वर. फळ्या वर. मी गमतीने म्हटलं, आता जाहिरात द्यावी लागेल: उंच बाई पाहिजे. यावर मात्र हसले, पण उशिरा.

आई दाराशी शेंगा निवडत होती. हे गेल्यावर म्हणाली, "कोण येऊन राह्यलं वर राहाले?"

"अजून ठरलं नाई."

"मंग मापं कोणाची घेतली?"

मला राग आला. म्हटलं, आई, तुला सॉफ्टवेअरमधलं काय कळते. ती टोपली उचलून आत गेली. तिला यांच्याविषयी पहिल्यापासून अढी आहे. गाडी चालवणारा उभा आणि मागे बसलेली आडवी, हे तिने अजून माफ केलं नाही. मी केलं आहे.

१ मे

लोडशेडिंग. सकाळची वीज जाते ती जेवणं होईपर्यंत येत नाही. वीज असते तेव्हा मी पडद्यासमोरून उठत नाही, म्हणजे उठायचं काही नसतंच.

यांनी माझ्या खोल्यांची उंची एक फूट वाढवायला सांगितली, उन्हाळ्यात बरं. छत वर नेलं तसा वरचा मजला वर गेला, पण त्यावरच्या वस्तू जुन्याच उंचीवर राहिल्या. पलंगाचे पाय, बेसिन, निम्मा ओटा माझ्या छतातून खाली डोकावत होता. दोन दिवस एकेक वस्तू निवडून परत तिच्या तिच्या जमिनीवर बसवली.

जिनाही बाहेरून घ्यायचा ठरला. मीच उचलून धरलं. भाडेकऱ्यांची ये-जा घरातून नको. आणि मला जिन्याचा काय उपयोग, आतून काय नि बाहेरून काय.

२ ऑक्टोबर

गेल्या महिन्यात हे दोनदाच आले. स्लॅब, प्लास्टर, बबनरावांची माणसं टिकत नाहीत. एकटा माणूस कुठं कुठं बघणार?

वरच्या खिडकीला जाळीची कवाडं हवीत, हे सांगायला मात्र मुद्दाम फोन केला. शेजारच्या दुकानात फोन आला, अण्णाजी धावत निरोप घेऊन आले. मला वाटलं, काही झालंच.

१२ फेब्रुवारी २००६, पुलगाव

वास्तुशांत झाली. मी माझ्या घरात आहे.

उतारावरून खुर्ची स्वतः ढकलत आत आले तेव्हा मांडवातल्या बाया डोळे पुसत होत्या. मी बटण दाबलं, नळ सोडला, ओट्याखाली खुर्ची सरकवली, पुरणाला हात लावला. जे मी पडद्यावर ठेवलं होतं ते तिथंच होतं, इंचभरही इकडेतिकडे नाही. यांनी शब्द पाळला. मुख्याध्यापकांनी भाषणात यांना पुष्पहार घातला. म्हणाले, अपंग पत्नीसाठी असं घर बांधणारा पती विरळा. 'अपंग' शब्दाला माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, पण टाळ्या झाल्या.

वरच्या बिऱ्हाडाचंही ठरलं. यांच्याच शाळेतल्या नव्या बाई, अंकिता. मूळ आर्वीच्या, एकट्या आहेत. आल्या, माझ्या पाया पडल्या, समई दिली. चांगल्या उंच आहेत. वर जाऊन घर बघून आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, ओटा किती बरोबर आहे हो! कुठंच असा नसतो."

मला बरं वाटलं. काम बघणारं कोणी भेटलं की वाटतं.

आईने जेवायला नाही म्हटलं. डोकं दुखत होतं.

१९ मार्च

तानाबाई सकाळ-संध्याकाळ येते, मला उठवते, बसवते. स्वयंपाक मीच करते. अंकिता येता-जाता डोकावते, तिला माझ्या हातची भरली वांगी आवडतात. डबा भरून देते. हे वरच्या टाकीचं पाणी बघायला जातात तेव्हा तेच घेऊन जातात.

११ जून

शाळेला सुट्टी आहे. अंकिता आर्वीला गेली नाही.

मला वर जाता येत नाही, पण वरचं घर मला पाठ आहे. कुठल्या भिंतीला काय आहे, दारापासून ओट्यापर्यंत किती चालावं लागतं, ते मीच ठरवलं. त्यामुळे पावलं वाजली की मला माणूस दिसतो. आत्ता ती आरशासमोर आहे. आत्ता खिडकीशी. आत्ता कपडे खुंटीला लावते आहे.

आज हे टाकी बघायला गेले. टाकी जिन्याच्या डोक्यावर आहे. पावलं तिथं थांबली नाहीत. आत आली. ओट्याशी गेली, तिथं तिची होतीच. मग दोघांचीही तिथून निघाली, आणि जिथं मी पलंग ठेवला होता तिथं जाऊन थांबली.

मी भाजी ढवळत होते. भाजी लागली, वास सुटला, तरी ढवळतच होते.

१२ जून

काल लिहिलं ते वाचलं. खोडावंसं वाटलं. पाण्याचा पाइप आतूनही जातो. काही दुरुस्ती असेल.

१८ जून

दुरुस्ती नाही.

२५ जून

आज विचारलं. सकाळी, चहा देताना. कप त्यांच्या हातात होता तो खाली ठेवता येईना, आणि तोंडाला लावता येईना.

"कधीपासून?"

"सुलोचना..."

"घर बांधायच्या आधीपासून?"

त्यांची नजर छताकडे गेली. म्हणजे छत्तीस इंच. म्हणजे आरसा. मी वेडी, ओळ न ओळ विचारून विचारून बसवत होते.

"मी तुले सोडलं नाई," ते म्हणाले. "सगळे सांगत होते सोड म्हणून. सोडलं नाई. तुझ्यासाठी घर बांधलं. सांग, तुले काय कमी केलं? एक तरी गोष्ट तुझ्या हाताले येत नाई अशी आहे का या घरात?"

मी सगळीकडे पाहिलं. खरंच नव्हती.

"तिचा ओटा माझ्याच हातून काऊन काढवून घेतला? बबनरावले सांगता आलं असतं."

यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, त्यांच्या मनात तसं काही आलंच नव्हतं. नकाशा मी काढते, म्हणून मला सांगितलं. एवढंच.

९ जुलै

अण्णाजी आणि आई आले. अण्णाजी धनंजयशी बोलायला बैठकीत गेले आणि अर्ध्या तासाने तेच पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आले.

"तो म्हणते, न्या. मी अडवत नाई. आता हिंगणीत तुले कसं ठेवू, पोरी? न्हाणी अंगणापार. अन् आम्ही किती दिवसांचे? तुझा भाऊ असता त गोष्ट वेगळी. लोकाईले सांगाव तरी काय? लोक म्हणतीन, सोन्यासारखं घर बांधून दिलं अन् ही निघून आली."

आईने माझे केस विंचरून दिले. तिला बोलायचं होतं ते तिने दीड वर्षापूर्वीच बोलून टाकलं होतं. मीच म्हटलं, "बोल ना आता."

"काय बोलू? येजो, जवा मन होईन तवा येजो. न्हाणी मी उचलून घरात आणन."

मी गेले नाही. अंकिता जिना उतरून रोज शाळेत जाते आणि मी माहेरी जायचं? घर माझं आहे. मी काढलं आहे.

३ डिसेंबर

आता धनंजय लपत नाही. जेवायला खाली, बाकी वर. तानाबाईने बाहेर काय ऐकलं ते ती सांगायला लागली की मी नळ सोडते. लोकांना सगळं ठाऊक आहे, तरी अजून ते त्यालाच चांगला म्हणतात. बायकोला टाकलं नाही, काही कमी पडू दिलं नाही. माझी कीव करतात ती त्याच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून.

त्यांनी लग्न लावलं का, मी विचारलं नाही.

मी आवाज करते. भांडी आपटते. कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही, होऊ देते. पहाटे रेडिओ मोठ्याने लावते. एकदा ती खिडकीशी असताना लाटणं घेऊन पोळपाटावर बडवत बसले, हात सुजेपर्यंत. वरची पावलं क्षणभरही थबकली नाहीत. किती निगरगट्ट माणसं!

२८ ऑक्टोबर २००७

बरेच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तेच ते होतं.

अंकिताला दिवस गेले आहेत. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, धोका आहे, जिना चढायचा-उतरायचा नाही. मला हे तानाबाईकडून कळलं. धनंजयकडून आज कळलं. तो समोर पाटावर बसला, माझ्या डोळ्यांच्या खाली. तो असा बसला की काहीतरी मागायचं असतं.

"चारपाच महिन्यांचा प्रश्न आहे. तिला खाली राहू दे."

"अन् मी?"

"तू हिंगणीला जा. तुझी आई म्हणतच होती ना, ये म्हणून. मी गाडी करून देतो. बाळंतपण झालं की परत."

मी खुर्ची ओट्याकडे वळवली. तो म्हणाला, "सुलोचना, लेकराचा सवाल आहे."

लेकराचा सवाल. मला लेकरू हवं होतं. तेव्हा आम्ही सेलूला डॉक्टरकडेच गेलतो. त्याच रस्त्याने परत येत होतो. हे त्याला आठवत असेल का, ते मी त्याच्या तोंडावर शोधलं. त्याच्या तोंडावर फक्त काळजी होती, आणि ती खरी होती.

संध्याकाळी अंकिता आली. उतारावर कठड्याला धरून उभी राहिली, आत आली नाही. चेहरा पिवळा पडलाय. "ताई, मी नाही म्हटलं होतं त्यांना. मी आर्वीला जाते." मग रडायला लागली. तिला आर्वीत कोण घरात घेणार?

मी तिला बस म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. तिची पावलं मी इतके दिवस ऐकते आहे, ती आताशा जड पडतात हे मला तिच्या आधी कळलं असेल.

३० ऑक्टोबर

आज धनंजयला सांगितलं. "ती खाली येऊ दे."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. "गाडी उद्या सांगू?"

"गाडी नको. मी वर राहीन."

"वर? वर कशी राहशील? तुझ्या हाताला तिथं काय येईल?"

"काहीच नाई येणार. मले ठाऊक आहे, मीच काढलं. उचल मले."

तो म्हणाला, तानाबाई दोघींना पुरणार नाही. म्हणाला, लोक काय म्हणतील. हे त्याने पहिल्यांदा म्हटलं. मी म्हटलं, "लोक म्हणतीन, लंगडी बायको वर टाकली. म्हणू दे. या घरातून मी हिंगणीले जाणार नाई. मले एकदा रस्त्याच्या कडेला आडवं ठेवलं, पुन्हा नाई ठेवून घेत."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल मी पहिल्यांदा बोलले. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

१ नोव्हेंबर

धनंजयने मला उचललं. पूर्वी दवाखान्यात उचलायचा तेव्हा दम लागत नव्हता. आज जिन्यात दोनदा भिंतीला टेकला. त्याच्या शर्टाला खडूचा वास होता.  तानाबाई मागून खुर्ची घेऊन आली. खाली अंकिता आपली भांडी घेऊन उभी होती, ती आमच्याकडे बघत नव्हती.

वरचं घर जसं काढलं होतं तसंच आहे. मी इथं कधी आलेच नव्हते, तरी कुठं वळायचं ते खुर्चीला ठाऊक होतं. बटण हाताला येत नाही. नळ येत नाही. ओटा माझ्या छातीशी लागतो, खाली खुर्ची सरकत नाही, हात मागपर्यंत पोचत नाही. आरशात मी नाही, समोरची भिंत आहे. तानाबाईने माठ, पेला आणि रेडिओ जमिनीवर मांडून दिले, एखाद्या आजारी जनावरापुढे ठेवावं तसं. खिडकीतून फक्त आभाळ दिसतं.

तानाबाई गेली. मी कान देऊन बसले. खाली अंकिता असणार. भांडी लावत असेल, ओट्याशी वाकत असेल, पाठीवर हात ठेवत असेल. धनंजय तिला बस म्हणत असेल. माझ्या स्वयंपाकघरात बोलतील, हसतील कदाचित. ऐकायची मी तयारी करून आले होते.

काहीच ऐकू येत नाही.

खुर्ची सगळ्या खोल्यांतून फिरवली, थांबून थांबून ऐकलं. भांड्याचा आवाज नाही, कुकरची शिट्टी नाही, माणसाचा नाही. तानाबाई परत आली तेव्हा तिला विचारलं, खाली कोणी नाही का?

"काऊन नाई? दोघं बी हायेत. आत्ताच बाईच्या हातून परात पडली, केवढा आवाज झाला."

वरचं खाली ऐकू येतं. खालचं वर येत नाही. इतके दिवस मी कोणासाठी आपटत होते?